‘तुला पाणी पाहिजे?’ म्हणजे मला पाणी पाहिजे

चार-पाच वर्षांचा मुलगा आईजवळ येतो आणि विचारतो, “तुला पाणी पाहिजे?” आई म्हणते, “नको रे.” तो पुन्हा विचारतो. तिसऱ्या वेळी आवाज चढलेला असतो आणि पाचव्या वेळी तो जमिनीवर लोळण घेतो. तहान त्यालाच लागलेली असते. आई पाणी देताना रोज हेच वाक्य म्हणते, तेव्हा पाणी मिळवायचं तर हेच वाक्य म्हणायचं, असा त्याचा हिशेब. त्यात ‘तू’च्या जागी ‘मी’ घालायचं तेवढं राहून गेलेलं असतं.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांच्या घरी हे नेहमीचं आहे. “बोलतो हो, पण तेच तेच बोलतो,” असं आईवडील सांगतात. नातेवाईक त्याला पोपटपंची म्हणून मोकळे होतात. त्यात मूल हात फडफडवत असेल, डोळे मिचकावत असेल, सारखा घसा खाकरत असेल, तर तेही त्याच गाठोड्यात बांधलं जातं आणि सगळ्यांवर एकच उपाय होतो: “ए, बंद कर ते!” या लेखाचं सांगणं एवढंच की या गाठोड्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीला उत्तर द्यायचं असतं, दुसरीला मोकळं सोडायचं असतं, तिसरीकडे मुद्दाम काणाडोळा करायचा असतो आणि चौथीसाठी डॉक्टरकडे जायचं असतं. कोणती कुठली हे ओळखल्याशिवाय थांबवायला जाऊ नये.

ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणण्याला वाचा-उपचारतज्ज्ञ ‘इकोलेलिया’ म्हणतात. दोन-अडीच वर्षांपर्यंत सगळीच मुलं थोडंफार असं करतात, त्यातूनच बोलायला शिकतात. स्वमग्न मुलांत ते पुढेही टिकतं आणि पुष्कळदा बोलण्याचा मोठा भाग व्यापून टाकतं. कधी प्रतिध्वनी लगेच येतो. “बूट घातलेस?” असं विचारलं की “बूट घातलेस?” कधी तो काही तासांनी, महिन्यांनी, अगदी वर्षांनीही येतो: लोकल गाडीतली पुढच्या स्टेशनची घोषणा, कार्टूनमधला अख्खा प्रसंग, शाळेतल्या बाईंचं रागावणं, तेही बाईंच्याच आवाजात आणि हेलात. मराठी घरांत याची एक खूण पटकन सापडते. मुलगा “मी जाते”, “मी आले” असं बोलतो, कारण ते वाक्य आईच्या किंवा आजीच्या तोंडून जसं निघालं तसंच त्याने उचललेलं असतं. याला बायकी बोलणं म्हणून हसू नका. ते वाक्य कुणाचं आणि कुठून आलं, याचा आयता पत्ता तुम्हाला मिळालेला असतो.

हा पत्ता शोधणं किती महत्त्वाचं आहे ते लिओ कॅनर या डॉक्टरांनी फार पूर्वी दाखवलं. अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात तिथून झाली. 1946 साली त्यांनी या मुलांच्या ‘असंबद्ध’ वाटणाऱ्या वाक्यांवर वेगळा लेख लिहिला. त्यांच्याकडचा एक मुलगा आसपास कुत्रा नसताना, बाल्कनी नसताना, कुत्रा बाल्कनीतून टाकू नकोस अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा. चौकशी केल्यावर उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा बाल्कनीतून खाली टाकायचा आणि आणून आणून थकलेली आई त्याला तसं म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकायची ऊर्मी आली की तो त्याच वाक्याने स्वतःला आवरायचा. ऐकणाऱ्याला बडबड वाटणारं ते वाक्य मुलासाठी लगाम होतं.

पुढे 1981 साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी तत्काळ प्रतिध्वनी बारकाईने तपासले आणि त्यांतून होणारी सात प्रकारची कामं मांडली. मागणी करणं, होकार देणं, संभाषणात आपली पाळी भरून काढणं, उत्तर देण्याआधी मनात जुळवणी करणं, स्वतःला सूचना देणं ही त्यांतली काही. होकाराचं उदाहरण आपल्याला परकं वाटू नये. “जेवलास?” याला आपणही “हो” न म्हणता “जेवलो” म्हणतो. मूल “जेवलास” म्हणतं, एवढाच फरक.

तर पहिलं काम वहीचं. आठवडाभर, दिवसातून पाच-सात प्रसंग पुरे. कोणतं वाक्य, किती वाजता, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं, बोलताना मुलाची नजर आणि हात कुठे होते. शेवटचा रकाना गाळू नका. फ्रीजकडे बघत म्हटलेलं वाक्य बहुधा मागणी असते. कान झाकून, येरझाऱ्या घालत म्हटलेलं तेच वाक्य घाबरल्याचं असू शकतं. संध्याकाळी एकट्याने, हसत हसत म्हटलेला कार्टूनचा संवाद नुसती करमणूक असते, आणि ती करमणूक त्याला करू द्यावी. आपणही आंघोळ करताना गाणं म्हणतोच. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा. तज्ज्ञासमोर मूल गप्प बसलं तर तेच कामाला येतात.

आपल्या बोलण्यात काय बदलायचं

घरोघरी स्वमग्न मुलावर प्रश्नांचा भडिमार चाललेला असतो. हे काय? रंग कुठला? काऊ कसा करतो? मुलाला बोलतं करण्याच्या कळकळीपोटीच ते होतं, पण प्रश्न जितके जास्त तितके प्रतिध्वनी जास्त, कारण उत्तर सुचलं नाही की प्रश्नच परत येतो. प्रश्न निम्म्यावर आणा. त्याऐवजी समोर जे चाललंय ते सांगा: “पोळी गरम आहे.” “बाबा आले.” “चेंडू पडला.” मग थांबा. मनात दहापर्यंत मोजेस्तोवर तोंड उघडायचं नाही. मोठ्या माणसांना ही दहा सेकंदं फार जड जातात, तरी सवय होते.

दुसरा बदल जरा विचित्र वाटेल. जे वाक्य मुलाच्या तोंडी यायला हवं ते त्याच्याच बाजूने बोला. तो ग्लासाकडे हात करतोय असं दिसलं की “तुला पाणी पाहिजे?” असं विचारण्याऐवजी “मला पाणी हवंय” असं म्हणा आणि लगेच पाणी द्या. तो जे ऐकेल तेच पुढे बोलणार असेल तर ऐकवताना बरोबर रूप ऐकवलेलं काय वाईट? मुलगा असेल तर आईनेही “मी खातो”, मुलगी असेल तर बाबांनीही “मी खाते” असं म्हणावं. आणि जिथे मी-तूचा घोळ नकोच, तिथे मराठीने आपल्याला सोय करून ठेवली आहे: “जाऊया”, “खाऊया”, “बसूया”. कुणीही म्हटलं तरी ही रूपं बदलत नाहीत.

“थँक्यू म्हण,” असं सांगितलं की मूल “थँक्यू म्हण” असंच म्हणतं आणि घर हसतं. म्हणून ‘म्हण’, ‘सांग’, ‘बोल’ हे शब्द गाळा आणि हवा तेवढाच शब्द उच्चारा. नमस्काराचंही तसंच. “हाय रोहन” असं म्हणालात तर रोहनही “हाय रोहन” म्हणणार. नुसतं “हाय” म्हणा. “पोळी की भात?” असं विचारल्यावर तो दर वेळी “भात” म्हणत असेल तर पुढच्या वेळी क्रम उलटा करून बघा. आता “पोळी” म्हणाला, तर तो निवडत नाही, शेवटचा शब्द परत देतोय हे समजतं. अशा वेळी दोन्ही ताटल्या समोर धरा आणि त्याला बोट दाखवू द्या.

एखाद्या दिवशी नेहमीचं वाक्य किंचित बदललेलं ऐकू येईल. “दूध पाहिजे का?” याऐवजी “झोका पाहिजे का?” व्याकरण अजून चुकीचंच असतं, पण मुलाने वाक्याचे तुकडे सुटे करून एका तुकड्याच्या जागी दुसरा बसवला, ही मोठी झेप आहे. अशा वेळी “नीट बोल, मला पाहिजे असं म्हण” असं करून आनंदावर पाणी टाकू नका. झोका द्या आणि देताना “मला झोका हवाय” असं एकदा म्हणून सोडून द्या.

अख्खी वाक्यं उचलून पुढे त्यांचे तुकडे करणाऱ्या मुलांसाठी खास पद्धती म्हणून हल्ली समाजमाध्यमांवर महागडे अभ्यासक्रम विकले जातात. मूल ठोकळ्यांनी भाषा उचलतं हे निरीक्षण जुनं आणि रास्त आहे, पण त्यावर उभारलेल्या ठरावीक पायऱ्यांच्या उपचाराला अजून भक्कम पुरावा मिळालेला नाही. वर सांगितलेल्या गोष्टींना पैसे पडत नाहीत. आधी त्या करून बघा.

एकच प्रश्न पन्नासदा विचारणारी मुलं हा वेगळा मामला. “बाबा कधी येणार?” याचं उत्तर त्याला माहीत असतं. तरीही तो विचारतो, कारण उत्तर ऐकल्यावर मिळणारा धीर दोन मिनिटांत विरतो. “येतीलच हं आत्ता” ही थाप सगळ्यात घातक, कारण ‘आत्ता’ येऊन जातं आणि बाबा येत नाहीत. दोनदा शांतपणे उत्तर द्या, मग ते भिंतीवर आणा: शाळा, जेवण, झोप, खेळ आणि मग दारात बाबा अशी चित्रांची पट्टी. एकेक गोष्ट झाली की त्या चित्रावर चिमटा लावायचा. तिसऱ्यांदा प्रश्न आला की शब्दांनी उत्तर न देता पट्टीकडे बोट करा, किंवा “तू सांग बरं” म्हणून प्रश्न त्याच्याकडे परतवा. प्रश्न एकदम वाढले असतील तर घरात काय बदललंय ते पाहा. पाहुणे, परीक्षा, बदललेली व्हॅन, शेजारी चाललेलं ड्रिलिंग. बोलून दुखणं सांगता न येणाऱ्या मुलात दात, कान आणि बद्धकोष्ठ हेही तपासून घ्यावं. डोकं आपटणं किंवा स्वतःला चावणं अचानक सुरू झालं तर नक्कीच.

हात फडफडवणं आणि टिक

हात फडफडवणं, गोल फिरणं, पुढेमागे डोलणं हे बहुधा तीन वर्षांच्या आधी सुरू होतं. ते तालात असतं, वर्षानुवर्षं साधारण तसंच राहतं, दोन्ही हात एकदम चालतात, आणि मूल आनंदात किंवा ताणात असताना वाढतं. नाव घेतलं, हातात काही दिलं की थांबतं. मुलाला त्याचा त्रास नसतो, उलट बरं वाटतं. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती स्वतःच सांगतात की हे बळाने बंद केल्यावर त्यांची बेचैनी वाढली. कुणाला इजा होत नसेल तर याला हात लावायचं कारण नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा आपला त्रास आहे, तो मुलाच्या उपचारांच्या यादीत घालू नये.

टिक वेगळी. ती साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान दिसू लागते, बहुतेकदा डोळे मिचकावण्यापासून. मग नाक ओढणं, मान झटकणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं, ‘हूं’ असा आवाज. ती झटक्यासारखी येते, ताल नसतो, आणि काही महिन्यांनी एक जाऊन दुसरी येते. थोडी मोठी मुलं सांगतात की आधी आतून खाज सुटल्यासारखं, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि ती हालचाल केल्यावर सुटल्यासारखं होतं. मूल थोडा वेळ ती दाबू शकतं, म्हणूनच घरचे म्हणतात, “बघा, मनात आणलं तर थांबवतो!” शाळेत दाबलेली टिक संध्याकाळी घरी उसळून येते आणि आईला वाटतं, हा मुद्दाम मलाच छळतो. बोलणंसुद्धा टिक असू शकतं: संदर्भ नसताना एकदम फुटणारा शब्द, दर वेळी त्याच पट्टीत, स्वतःच्याच वाक्याचं शेवटचं अक्षर तीन-तीनदा. इथे वहीत ‘आधी काय घडलं’चा रकाना रिकामाच राहतो, आणि तीच खूण.

स्वमग्न मुलांत टिक इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. अनेक हालचालींच्या टिक आणि निदान एक आवाजाची टिक अशा दोन्ही वर्षाहून अधिक काळ राहिल्या आणि सुरुवात अठरा वर्षांच्या आत झाली, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने 1885 साली अशा नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. सिनेमात दाखवतात तशा शिव्या फार थोड्या रुग्णांच्या तोंडी येतात.

टिकवर घरचा पहिला उपचार म्हणजे तिच्याकडे न बघणं. टोकलं, नक्कल केली, आरशासमोर उभं केलं की ती वाढते. झोप पुरी होऊ द्या, कारण जागरण, परीक्षा, ताप यांनी ती फोफावते, आणि आनंदानेही: गणपतीचे दिवस, सहल, वाढदिवस. डोळ्यांची एक तपासणी आणि घशाची एक तपासणी करून घ्या, पण त्यात काही निघालं नाही तर थेंब आणि खोकल्याची औषधं चालू ठेवू नका. टिकची भरती-ओहोटी आपोआपच होते. भरती असह्य झाली की घरात काढा, दृष्ट, नवं सिरप असं काहीतरी होतं, मग नेमाप्रमाणे ओहोटी येते आणि श्रेय त्या काढ्याला जातं. पुष्कळ मुलांत दहा ते बारा वर्षांच्या आसपास टिक जोरात असतात आणि वयात येताना ओसरतात.

टिकमुळे मान दुखू लागली, मुलं चिडवू लागली, लिहिणं अडू लागलं, तर उपचार आहेत. आतली ती खाज ओळखायची आणि टिकला आडवी येईल अशी दुसरी हालचाल त्या वेळी करायची, हे शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत आहे. नेथन अझ्रिन आणि रॉबर्ट नन यांनी 1973 साली तिचा पाया घातला. 2010 साली अमेरिकेत 9 ते 17 वर्षांच्या 126 मुलांवर झालेल्या अभ्यासात हा उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत ठळक सुधारणा दिसली. मात्र आत काय वाटतंय ते ओळखून सांगता येईल, एवढी समज त्यासाठी लागते. लहान किंवा फार कमी बोलणाऱ्या मुलावर तो लादू नये. औषधंही आहेत, ती बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. चालू असलेलं औषध टिक वाढल्या म्हणून परस्पर बंद करू नका.

आता चौथी गोष्ट. मूल बोलता बोलता थांबतं, नजर शून्यात जाते, पापण्या फडफडतात, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी काही सेकंद उमजत नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू होतं. हा आकडीचा एक प्रकार असू शकतो, आणि स्वमग्न मुलांत आकडीचं प्रमाण जास्त असतं. टिक सुरू असताना मूल तुमचं ऐकत असतं, इथे ते ऐकत नाही. असं दिसलं की व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. येणारे शब्द गेले, दहा शब्द बोलणारं मूल गप्प झालं, किंवा ताप-घसा येऊन गेल्यावर टिक एका रात्रीत उफाळल्या, तरी वाट पाहू नका.

कुठे जायचं, काय ऐकायचं

बोलण्याची कुठलीही तक्रार असो, आधी कान तपासा. कितीही लहान मुलाची श्रवणचाचणी होते. सरकारी यंत्रणेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणी पथकाकडून तिथली चिठ्ठी मिळते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. दिव्यांगता प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘इसा’ नावाची 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात प्रतिध्वनी बोलणं, तेच तेच बोलणं आणि मी-तूचा घोळ हे वेगवेगळे मुद्दे आहेत, तेव्हा तुमची वही तिथेही सोबत न्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य-विमा संरक्षण मिळतं आणि त्यात उपचारांच्या खर्चालाही ठरावीक मर्यादेत जागा आहे.

वेखंड उगाळून चाटवल्याने इकोलेलिया जात नाही. जीभ जड असल्याचाही संबंध नाही, कारण लोकलची घोषणा जशीच्या तशी म्हणणाऱ्या मुलाची जीभ उत्तम चालतेय. आणि एक सल्ला मात्र वेखंडापेक्षा जास्त नुकसान करतो: “घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला.” दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट ज्या इंग्रजीत आईला धड रागावता किंवा लाडावता येत नाही, त्यातून मुलाला तुटक, कोरडी वाक्यंच मिळतात, आणि आजी तर बोलेनाशीच होते. मुलाला वाक्यं उचलायची आहेत, तर ती जिवंत भाषेतून उचलू द्या.

वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना एक प्रश्न विचारा: “तो तेच तेच बोलतो तेव्हा तुम्ही काय करता?” “बंद करतो, गप्प बसल्यावर चॉकलेट देतो” असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. “तो ते कधी बोलतो?” असा उलटा प्रश्न आला तर तिथे थांबा.

शाळेसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहा, मोठा अहवाल कुणी वाचत नाही. त्यात मुलाची नेहमीची चार वाक्यं आणि त्यांचे अर्थ लिहा. ‘नेक्स्ट स्टेशन दादर’ म्हणजे वर्गातून बाहेर जायचंय. ‘बेल वाजली का’ म्हणजे गोंगाट सहन होत नाहीये. बाईंनी काय करावं तेही एका ओळीत: पाच मिनिटं पाणी प्यायला पाठवा, वह्या वाटायला द्या, टिककडे लक्ष देऊ नका आणि वर्गालाही देऊ देऊ नका. मूल घसा खाकरतं म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं जात असेल तर दाराजवळची जागा मागा. तिथून गाजावाजा न करता उठून बाहेर जाता येतं, टिक मोकळी करता येते आणि परत येऊन बसता येतं. चिठ्ठीची एक प्रत व्हॅनवाल्या काकांनाही द्या. तिकडची वीस मिनिटं बरेचदा दिवसातली सगळ्यात गोंगाटाची असतात.